तळ्यावरची राख

फेब्रुवारी सरत आला की आमच्या गावातल्या माणसांची डोकी फिरतात. ऊन चावायला लागलेलं असतं आणि थंडी मात्र जायचं नाव घेत नाही. अख्खा हिवाळा घरातल्या एकाच लोखंडी चुलीभोवती, बुखारीभोवती बसून, एकमेकांची तोंडं पाहून जीव विटलेला असतो. वाळवलेली भाजी संपलेली असते, शेणी संपत आलेल्या असतात, आणि कुणी नमस्काराचं साधं ‘जुले’ म्हटलं तरी समोरच्याला वाटतं, हा आपल्याला टोमणा मारतोय. मी यांगडोल. माझ्या जिभेला बारा महिने धार असते असं गावात म्हणतात, त्यामुळे माझ्यात फेब्रुवारीनं फारसा फरक पडत नाही.

यंदा डोकी फिरायला आणखी एक कारण होतं. बर्फच पडला नव्हता. एरवी या दिवसांत शेतं गुडघाभर बर्फाखाली असतात. प्रत्येक घर हिवाळाभराची राख आणि कोरडी माती कोपऱ्यात जपून ठेवतं, आणि ऊन चढलं की टोपल्या भरभरून शेतावर नेऊन बर्फावर फेकतं. काळं झालं की ऊन धरतं, बर्फ लवकर उतरतो, जमीन लवकर उघडते. आमचा उन्हाळा एवढासा. पेरणी जरा मागे पडली की जव पिकायच्या आत थंडी पुन्हा दारात. म्हणून ज्याचं शेत आधी उघडेल त्याची मान ताठ. यंदा मात्र शेतं उघडीबोडकीच होती. वरचे डोंगरही काळेठिक्कर. पांढरं आणि सपाट असं गावात एकच उरलं होतं, ते म्हणजे तळं.

तळं खरं तर पेरणीच्या पाण्याचं. पण गोठलेलं असेपर्यंत ते मुलींचं. आमच्या मुली तिथं बर्फावरची हॉकी खेळतात, आणि हिवाळा संपता संपता नदीपलीकडच्या थांगमो गावाशी सामना होतो. यंदाच्या सामन्याला लेहहून दोघं जण येणार होते, जिल्ह्याच्या संघासाठी मुली निवडायला. निवड झाली की लेहच्या वसतिगृहात राहायचं, तिथंच शाळा, तिथंच खेळ. सगळ्यांना ठाऊक होतं की निवड झालीच तर कुंझेसची होणार. ती आमची गोलकीपर. तिच्या पायातून चकती जाणं म्हणजे बंद दारातून याक जाणं.

कुंझेस तोंदुप लोहाराची मुलगी. लग्नकार्यात ओळी मांडून बसतात तेव्हा तोंदुपचं घर शेवटी, दाराजवळ बसतं. ते तसंच आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. गोलात मात्र तिच्याशिवाय कुणाला दुसरं कुणी नको असतं. आपलं गाव असं सोयीचं आहे.

माझे सासरे नवांग; सगळं गाव त्यांना मेमे, म्हणजे आजोबा म्हणतं. गावाचं पाणी त्यांनी आयुष्यभर वाटलं. कुणाच्या शेताला कधी, किती वेळ, हे त्यांनी बोलावं आणि बाकीच्यांनी मान हलवावी. सख्ख्या भावालाही त्यांनी कधी घोटभर पाणी जास्त दिलं नाही. म्हणून भांडण मिटेना की लोक आजही आमच्या घरी येतात. पण गेल्या वर्षापासून मेमेंचं मन मधेच कुठंतरी जातं. मेलेल्या सासूबाईंना हाका मारतात. मला कधी यांगडोल म्हणतात, कधी त्यांच्या बहिणीच्या नावानं बोलावतात. हे गावाला ठाऊक नाही. आम्ही सांगितलंय, मेमेंना ऐकू कमी येतं. लोक आले की मेमे हसतमुख बसून राहतात, माझा नवरा पुंचोक त्यांच्या कानाशी वाकतो, मग सरळ होऊन म्हणतो, “मेमे म्हणतात...” आणि मग जे म्हणायचं ते स्वतःच म्हणतो. यंदा गावाचा गोबा, म्हणजे मुखियाही तोच आहे. निकाल वाईट देतो असं नाही. पण नाव मेमेंचं आणि डोकं याचं, हे मला पहिल्यापासून टोचत होतं. टोचत होतं आणि मी चहा ओतत होते.

सामन्याच्या आदल्या दिवशी गोम्पात, वरच्या मठात, पूजा होती. सगळं गाव डोंगर चढून गेलं. मागे दोघंच राहिले. तोंदुप, कारण मुलींच्या स्केट्सना धार लावायची होती. आणि मेमे, कारण पूजेत ते मोठ्यानं काहीबाही बोलतील म्हणून आम्हीच त्यांना ठेवून गेलो.

परत आलो तर मेमे बुखारीपाशी बसलेले, गाल लाल, डोळ्यांत चमक.

“यांगडोल, चहा दे. दमलो. शेताला राख घालून आलो.”

“कुठल्या शेताला, मेमे?”

“आपल्या. मी काय दुसऱ्याच्या शेताला घालीन?”

मी हसले. यंदा राख घालायला बर्फच कुठे होता? मला वाटलं, कुठल्या तरी जुन्या वर्षात जाऊन आले असतील. चहात लोणी जरा जास्तच घातलं आणि दिलं.

सकाळी तळ्याकडून ओरडा ऐकू आला. संघाची कप्तान दिस्कित बर्फ झाडायला गेली होती, तीच किंचाळत होती. आम्ही सगळे धावलो. अर्ध्याहून जास्त तळं काळं पडलं होतं. आदल्या दुपारच्या उन्हानं राखेचा कण न् कण आपापलं भोक पाडून आत उतरला होता, वर पाण्याचं ओलसर पातळ कातडं. बर्फाची चाळणी झाली होती. पोरांनी फावड्यानं खरवडून पाहिलं तर ढलप्या निघायला लागल्या. तिथं स्केट्स घालून उतरणं म्हणजे पाय मोडून घेणं.

दुकानवाली छोरोल वाकली आणि काळा खडा उचलून सगळ्यांना दाखवत फिरली.

“हे बघा. लोखंडाची कीट. तुमच्याआमच्या बुखारीत निघते का ही?”

सगळ्यांच्या माना तोंदुपकडे वळल्या. तो टोपी हातात घेऊन काठावर उभा होता, शेजारी कुंझेस.

“काल गावात होतं कोण?” छोरोल म्हणाली. “आणि तळ्याखालचं पहिलं शेत कुणाचं? पाणी आधी सुटलं तर कुणाच्या घशात जाणार?”

“राख माझ्या भट्टीची आहे,” तोंदुप म्हणाला. “मी टाकली नाही.”

“मग काय राखेला पाय फुटले?”

लोक हसले. असल्या वेळी हसू फार लवकर येतं.

“कुणी टाकली मग? बोल की!”

तोंदुपनं पुंचोककडे पाहिलं, मग खाली बर्फाकडे. “ज्यांनी सांगायचं ते सांगतील,” तो म्हणाला.

“ऐका! वर तोंड करून बोलतोय!”

माझं लक्ष तेव्हा राखेकडे गेलं होतं. ती कुणी वैतागून ओतलेली नव्हती. अर्ध्या चंद्राच्या आकाराचे फेर होते, एकाला एक लागून, काठापासून आतपर्यंत, कुठं दाट नाही, कुठं विरळ नाही. असा हात गावात एकाच माणसाचा. मी लग्न होऊन आले त्या वर्षी त्याच माणसानं मला शेतात उभं करून शिकवलं होतं, मनगट कसं सोडायचं ते. मी पुंचोकची बाही ओढायला हात पुढे केला, तेवढ्यात तो बोलायला लागला होता.

“मी मेमेंशी बोललोय,” तो म्हणाला. बोलला-बिलला काही नव्हता. “मेमे म्हणतात, ज्याच्या घरची राख त्याच्या घरची जबाबदारी. याचा उलगडा होईपर्यंत त्या घरचं कुणी संघात नको. सामना उद्या थांगमोच्या तळ्यावर होईल, त्यांचं तळं डोंगराच्या सावलीत आहे. मी त्यांना आणि लेहच्या पाहुण्यांना निरोप पाठवतो.”

मेमे म्हणतात म्हटल्यावर कोण बोलणार? कुंझेस घरी गेली, आणि गोलकीपरचे पॅड, मुखवटा, हातमोजे, सगळं गावाच्या पैशातलं सामान आमच्या ओट्यावर आणून नीट रचून ठेवलं. हातमोजे आतून ओले होते म्हणून उन्हाकडे तोंड करून ठेवले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती अशी, आणि सुळावर चढताना संन्यासी हातमोजे वाळत घालतो.

दार लावल्या लावल्या मी पुंचोकला म्हटलं, “ती राख मेमेंनी टाकलीय.”

“काहीतरीच बोलू नकोस.”

“त्यांचे हात बघ.”

मेमेंनी आपणहून तळहात पुढे केले. रेषारेषांत काळं बसलं होतं. “साबणानं जात नाही हे,” ते कौतुकानं म्हणाले. “चांगली राख आहे.”

पुंचोक त्यांच्यासमोर बसला आणि त्यानं ते हात उलटसुलट करून पाहिले.

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“तू निकाल द्यायला धावलास. मी काय तुझ्या तोंडावर हात ठेवू? आता ऊठ आणि जाऊन सांग.”

“काय सांगू? मेमेंनी मेमेंच्याच विरुद्ध निकाल दिला म्हणून?”

“तो मेमेंनी दिला नाही, तू दिलास.”

“तेच तर!” तो एकदम ओरडला, मग आवाज खाली आणला. “कुरणाचं, वरच्या पाटाचं, सोनमच्या भिंतीचं, वर्षभर सगळं मेमेंच्या नावावर ठरलंय. उद्या लोक म्हणतील, म्हाताऱ्याला भ्रम झाला होता आणि पोरगा आपलं दळण दळून घेत होता.”

“म्हणतील. खरंच आहे ते.”

“आणि मेमेंचं काय? ज्या माणसाच्या शब्दावर हे गाव पाणी प्यायलं, त्याला पोरंटोरं वेडा म्हणून हसतील, चालेल तुला?”

मेमे आमच्याकडे आळीपाळीनं बघत होते.

“कुणाचं चाललंय?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या शेताचं, मेमे.”

“उघडलं का?”

“उघडलं.”

“सगळ्यांच्या आधी?”

“सगळ्यांच्या आधी.”

ते असे काही हसले की मला त्यांच्याकडे बघवेना. पुंचोकनंही तोंड फिरवलं. मग म्हणाला, “उद्या गाडी निघायच्या आधी सांगतो. सगळे जमतील. एकदाच सांगून टाकतो.”

मी विश्वास ठेवला. ठेवला म्हणजे ठेवायचं ठरवलं. दुसऱ्यानं तोंड उघडायचं कबूल केलं की आपलं मिटलेलं तोंड फार जड लागत नाही.

सकाळी ऊन कडक होतं. चौकात सामान लादायचा गोंधळ चाललेला. कुंझेसच्या जागी दिस्कितची धाकटी बहीण अंगमो गोलात उभी राहणार होती. ती चकती अंगावर आली की डोळे मिटते. पॅड तिला मांडीपर्यंत येत होते आणि ती रडवेली होऊन सगळ्यांना विचारत होती, “खरंच कुंझेस येणार नाही?”

“गप बस गाडीत,” छोरोल म्हणाली. “देवाचं नाव घे आणि डोळे उघडे ठेव.”

घरीच राहा म्हटलं ते मेमेंनी ऐकलं नाही. ठेवणीतला गोंचा घालून माझा हात धरून चौकात आले. त्यांना पाहिल्याबरोबर गर्दी बाजूला झाली. “जुले, मेमे-ले, जुले,” म्हणत लोक वाकले. मुली एकेक करून पुढे आल्या आणि मेमेंनी प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवला. तेच हात. अजून काळे. जवळून कुणी पाहिलं असतं तर दिसलं असतं, पण मेमेंच्या हातांकडे कोण संशयानं बघतो?

मी पुंचोककडे पाहिलं. आता. त्यानं घसा खाकरला, दोरी ओढून पाहिली, ड्रायव्हरला पुलाबद्दल काहीतरी विचारलं. पुन्हा घसा खाकरला.

छोरोल मेमेंच्या कानाशी जाऊन मोठ्यानं ओरडली, “मेमे, आशीर्वाद द्या पोरींना! आपल्या तळ्याचं वाटोळं केलंन बघा त्या तोंदुपनं!”

मेमेंना ऐकू उत्तम येतं. ते दचकले. “तोंदुपनं? छे छे. तो चांगला मुलगा आहे,” ते म्हणाले. स्वच्छ, पूर्वीच्या आवाजात, पाणी वाटायचे त्या आवाजात. “त्यानंच तर मला...”

“मेमे, वारा सुटलाय,” पुंचोक मधेच म्हणाला. “यांगडोल, त्यांना आत ने.”

आणि मी नेलं. हेच मला अजून समजत नाही. मी, जी गावात कुणालाच भीक घालत नाही, जिनं छोरोलला भर दुकानात खोटं माप दाखवून दिलं होतं, त्या मी मेमेंच्या दंडाला धरलं आणि वळवलं. वर्षभराची सवय. ते चारचौघांत बोलायला लागले की माझा हात आपोआप त्यांच्या दंडाकडे जातो. ते मान वळवून काही सांगू पाहत होते आणि मी “हो मेमे, हो मेमे” करत त्यांना उंबरठ्याआत घेतलं. बाहेर हॉर्न वाजला. मुलींनी आरोळी ठोकली.

मेमेंना बुखारीपाशी बसवून मी परत चौकात आले तेव्हा धूळ खाली बसत होती. गाडी पुलापलीकडे चढाला लागली होती. पुंचोक पुढच्या सीटवर बसून गेला होता. थांगमोत फोन लागत नाही.

“सांगितलं का काही त्यानं?” मी छोरोलला विचारलं.

“काय सांगायचं होतं?”

मी खालच्या आळीची वाट धरली. मला इतकी लाज वाटत होती की माणसं समोरून आली तर काय, म्हणून मी शेतांच्या बांधावरून गेले. चालता चालता मनात वाक्यं जुळवत होते. आधी माफी मागायची, मग मेमेंचं सांगायचं, की दोन्ही एकदम? मेमेंची अवस्था सांगताना त्यांचा मान राहील असं कसं सांगायचं? तोंदुप भडकेल, भडकू दे. त्याची बायको पलमो शिव्या देईल, देऊ दे. शिव्या खाल्ल्या तर बरंच वाटलं असतं.

लोहाराच्या अंगणाचं दार सताड उघडं होतं. कुंझेस भिंतीला टेकून उन्हात बसली होती. केस तेल लावून घट्ट विंचरलेले, दोन वेण्या पाठीमागे बांधलेल्या, पायात जाड मोजे, मांडीवर स्केट्स. मला बघून ती ताडकन उभी राहिली.

“आबा! आल्या बघा!” ती आत ओरडली, मग माझ्याकडे वळली. “आचे, गाडी इथवर येते की आम्ही वळणावर यायचं?”

आतून तिची आई, पलमो, फडक्यात बांधलेल्या रोट्या घेऊन बाहेर आली. “सगळ्या पोरींना पुरतील एवढ्या केल्यात. वाटेत खातील.”

मागून तोंदुप आला, हात पुसत. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माझ्याकडे बघून त्यानं मान लववली आणि मुलीला म्हणाला, “काय सांगत होतो तुला? काल रात्रीपासून हिला समजावतोय, रडू नकोस, मेमेंचं घर आहे ते. गाडी निघायच्या आत माणूस येईल.”

माझ्या जुळवलेल्या वाक्यांतलं एकही सापडेना.

“तुम्हाला ठाऊक होतं?” मी म्हटलं.

“मेमे टोपली घेऊन आले,” तोंदुप म्हणाला. “दरवर्षी न्यायचे, तशी राख मागितली. टोपलीमागून टोपली मीच भरून दिली, अडवू कसा? नंतर बघतो तर तळ्यावर. ओलेचिंब झाले होते. हाताला धरून घरी आणून सोडलं, पाय शेकले. बरे आहेत ना? सर्दी-बिर्दी नाही झाली?”

“मग काल बोलला का नाहीस?”

“चारचौघांत मेमेंचं नाव मी घेऊ? तुमच्या तोंडून येणं बरं. मला वाटलं, पुंचोक-लेंना लोकांसमोर अवघड होत असेल. एक दिवस कळ काढली की झालं.” तो माझ्या खांद्यावरून वाटेकडे बघत होता. “गाडी कुठं थांबलीय?”

“गेली,” मी म्हटलं.

“गेली?”

“पुलापलीकडे.”

“आणि सांगितलं नाहीत?”

मी नाही म्हणून मान हलवली. कुंझेसनं आईकडे पाहिलं, आईनं तोंदुपकडे.

“मग तुम्ही कशाला आलात, आचे?” तोंदुपनं विचारलं.

तो चिडून नव्हता विचारत. त्याला खरंच कळत नव्हतं. मी सांगायला आले होते, पण मी जे सांगणार होते ते या घराला आधीच ठाऊक होतं. आम्ही कसली माणसं आहोत, एवढंच ठाऊक नव्हतं. कुंझेस स्केट्स छातीशी धरून अजून उभीच होती.